गर्भजल कमी की जास्त? रिपोर्टमधला आकडा घरच्यांनी कसा समजून घ्यावा



आपल्या इंदूरच्या मराठी घरांत हा प्रसंग नवा नाही. सुनेला किंवा लेकीला आठवा महिना लागलेला असतो. सोनोग्राफी होते आणि डॉक्टर सांगतात, “पानी थोडा कम है, अगले हफ्ते फिर देखेंगे.” दवाखान्यात हे हिंदीत ऐकायचे, रिपोर्ट इंग्रजीत हाती घ्यायचा आणि घरी येऊन चर्चा मराठीत करायची. तेवढ्यात पुण्याहून आत्याचा फोन येतो, “रोज नारळपाणी द्या.” नागपूरची मावशी म्हणते, “आता सिझरच करतील बघ.” घरातल्या आजी म्हणतात, “आमच्या वेळी कुठे कोणी पाणी मोजत होतं?” जिच्या पोटात बाळ आहे ती मात्र रात्रभर जागी असते.

तिघींचाही हेतू चांगलाच असतो. पण गर्भजलाच्या बाबतीत घरात दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे नुसत्या आकड्याने घाबरून जाणे. दुसरी म्हणजे खरोखर धावपळ करायची वेळ असताना “उद्या बघू” म्हणणे. दुसरी चूक जास्त महागात पडते. म्हणून या लेखात गर्भजल म्हणजे काय, ते कसे मोजतात, आकड्याचा अर्थ काय आणि कोणत्या वेळी थांबायचे नाही, हे क्रमाने मांडत आहोत. हा लेख डॉक्टरांच्या सल्ल्याच्या जागी वाचायचा नाही. डॉक्टरांशी नीट बोलता यावे, एवढ्यासाठी तो आहे.

हे पाणी येते कुठून?

बाळ गर्भाशयात एका पातळ पिशवीत वाढते. तिला आपल्याकडे पाणमोट म्हणतात. तिच्यातले पाणी म्हणजे गर्भजल. अनेकांना वाटते की एखादी टाकी भरून ठेवावी तसे हे पाणी एकदाच भरलेले असते. प्रत्यक्षात ते सतत तयार होत असते आणि सतत कमीही होत असते.

पहिल्या काही आठवड्यांत हे पाणी मुख्यतः आईच्या शरीरातून पिशवीच्या पडद्यांमधून पाझरून येते. साधारण अर्धे दिवस भरले की चित्र बदलते. बाळाची मूत्रपिंडे काम करू लागतात आणि तिथून पुढे गर्भजलाचा मोठा भाग म्हणजे बाळाची लघवी असते. ऐकायला विचित्र वाटले तरी त्यात घाण काही नाही. बाळाच्या रक्तातला नको असलेला भाग वारेवाटे आईकडे जातो आणि आईचे शरीर तो बाहेर टाकते. बाळाची लघवी जवळजवळ पाण्यासारखीच असते. बाळाच्या फुप्फुसांतूनही थोडा द्रव त्यात मिसळतो.

पाणी कमी होण्याची मुख्य वाट म्हणजे बाळ ते गिळते. शिवाय वारेच्या पृष्ठभागावरून काही पाणी बाळाच्या रक्तात परत शोषले जाते. दिवस भरत आले की बाळ रोज साधारण अर्धा ते एक लिटर लघवी करते आणि त्याच सुमाराचे पाणी गिळते. येणे आणि जाणे यांचा हा हिशेब जुळला की पातळी ठीक राहते. एखादी बाजू बिघडली की पाणी कमी किंवा जास्त होते. पुढचे सगळे समजण्यासाठी एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे.

प्रमाणाची सर्वसाधारण कल्पना अशी आहे: दहाव्या आठवड्यात सुमारे ३० मिलिलिटर, सोळाव्या आठवड्यात २०० च्या आसपास, आणि चौतीस-छत्तीस आठवड्यांच्या सुमाराला सर्वाधिक, म्हणजे ८०० मिलिलिटरच्या घरात. त्यानंतर ते हळूहळू उतरू लागते. म्हणजे नवव्या महिन्यात पाणी थोडे कमी होणे हा निसर्गक्रमच आहे.

या पाण्याचे काम काय?

बाळाला हात-पाय हलवायला, वळायला जागा मिळते. आईच्या पोटाला धक्का लागला तर तो या पाण्यात जिरतो. नाळ दाबली जात नाही. तापमान स्थिर राहते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बाळाची फुप्फुसे वाढण्यासाठी हे पाणी लागते. म्हणूनच सोळाव्या ते चोविसाव्या आठवड्यांच्या दरम्यान पाणी फारच कमी झाले तर डॉक्टर ते अतिशय गंभीरपणे घेतात. तेच नवव्या महिन्यात थोडे कमी आढळले तर अर्थ वेगळा असतो. आकडा सारखाच असला तरी कितव्या आठवड्यात तो आला, यावर त्याचे वजन ठरते.

इथे आणखी एक गोंधळ होतो. आपल्या घरात हिशेब महिन्यांचा असतो आणि रिपोर्टमध्ये आठवड्यांचा. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. ४० आठवडे म्हणजे पूर्ण दिवस. ३७ आठवड्यांच्या आधीचे बाळंतपण मुदतीपूर्वीचे धरतात. डॉक्टरांशी बोलताना “आठवा चालू आहे” असे न म्हणता “बत्तीस आठवडे चार दिवस” असे सांगितले तर बोलणे नेमके होते.

आकडा कसा काढतात?

पोटातले पाणी मापाने मोजता येत नाही. सोनोग्राफीत त्याचा अंदाज बांधतात. त्याच्या दोन पद्धती आहेत.

पहिली पद्धत एएफआय. अमेरिकेतील डॉक्टर जेफ्री फेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९८७ मध्ये मांडली. बेंबीला मध्य धरून पोटाचे चार भाग करतात. प्रत्येक भागात पाण्याचा सर्वांत खोल कप्पा शोधतात आणि त्याची उभी खोली सेंटिमीटरमध्ये मोजतात. त्या कप्प्यात नाळ किंवा बाळाचे हातपाय येता कामा नयेत. मग चारही आकड्यांची बेरीज करतात. समजा चार भागांत ३.२, २.८, २.१ आणि २.९ असे आकडे आले, तर एएफआय झाला ११. साधारणपणे ५ ते २४ ही मर्यादा ठीक मानतात. ५ किंवा त्याहून कमी म्हणजे पाणी कमी, २४ किंवा त्याहून जास्त म्हणजे पाणी जास्त. ५ ते ८ च्या दरम्यान असेल तर काही डॉक्टर “काठावर आहे” असे म्हणतात.

दुसरी पद्धत त्याहून सोपी. सगळ्या पोटात जो एक सर्वांत खोल कप्पा असेल तेवढाच मोजायचा. रिपोर्टमध्ये त्याला एसडीपी किंवा डीव्हीपी लिहितात. तो २ ते ८ सेंटिमीटर असेल तर ठीक.

यावरून एक खबरदारी घ्यावी. एका रिपोर्टमध्ये ११ आणि दुसऱ्यात ४ असे लिहिलेले दिसले, तर पाणी एकदम घटले असे समजू नका. पहिला आकडा एएफआयचा आणि दुसरा एसडीपीचा असू शकतो, आणि तसे असेल तर दोन्ही अगदी ठीक आहेत. आकड्याशेजारी कोणती अक्षरे आहेत ते आधी पाहावे.

काही रिपोर्टमध्ये आकडा नसतोच. “लायकर ॲडिक्वेट” एवढेच लिहितात. लायकर हा गर्भजलासाठी डॉक्टर मंडळींचा जुना शब्द आहे. तो वाचून एखादे आजोबा दचकतात, पण त्याचा दारूशी काही संबंध नाही. पाणी पुरेसे आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आकड्याला किती किंमत द्यायची?

हा अंदाज आहे, हे विसरू नये. बाळ कोणत्या बाजूला वळले आहे, तपासणाऱ्याने पोटावर यंत्र किती दाबले, मशीन कोणते, यावरून आकडा इकडेतिकडे होतो. सकाळी एका ठिकाणी ९ आणि संध्याकाळी दुसऱ्या ठिकाणी ८ आले, तर ते पाणी कमी झाल्याचे लक्षण नाही.

याबाबतीत वैद्यकीय संशोधनही झाले आहे. कॉक्रेन या संस्थेने २००८ मध्ये या दोन्ही पद्धतींच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात असे दिसले की एएफआय वापरल्यावर “पाणी कमी” असे निदान जास्त स्त्रियांमध्ये होते आणि त्यामुळे कळा सुरू करण्याची औषधेही जास्त द्यावी लागतात, पण बाळांची प्रकृती त्यामुळे अधिक चांगली राहिली असे आढळत नाही. म्हणूनच आता अनेक डॉक्टर एका खोल कप्प्याच्या मापाला पसंती देतात. आपल्या डॉक्टरांनी एएफआय ५ आल्यावर पुन्हा तपासून एसडीपी पाहिले, तर ते आकड्याची खातरजमा करत आहेत असे समजावे.

आता दोन उदाहरणे घेऊ. पहिलीचा एएफआय बत्तिसाव्या आठवड्यात १० होता आणि छत्तिसाव्यात ८ झाला. बाळाचे वजन वाढते आहे, रक्तदाब ठीक आहे, बाळ चांगले हलते आहे. इथे काळजीचे कारण दिसत नाही. दुसरीचा आकडा बत्तिसाव्या आठवड्यात १४ होता आणि चौतिसाव्यात ६ झाला. बाळाचे वजन अपेक्षेपेक्षा मागे आहे आणि रक्तदाब चढला आहे. तिचा ६ हा आकडाही कागदावर मर्यादेतच आहे, पण डॉक्टर तिला लगेच जवळून तपासायला घेतील. एकटा आकडा पाहून या दोघींमधला फरक कळला नसता. मागचा रिपोर्ट, बाळाची वाढ आणि आईची तब्येत शेजारी ठेवल्यावरच तो कळतो.

पाणी कमी का होते?

येणे-जाणे यांचा हिशेब आठवला की कारणे आपोआप उलगडतात.

पहिले कारण गळती. पाणमोटीला बारीक छिद्र पडून पाणी थोडे थोडे झिरपत राहते. पुष्कळदा हे लक्षातच येत नाही. याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

दुसरे कारण वारेचा रक्तपुरवठा. आईचा रक्तदाब वाढलेला असेल किंवा वार नीट काम करत नसेल, तर बाळाला कमी रक्त मिळते. अशा वेळी बाळाचे शरीर ते रक्त मेंदू आणि हृदयाकडे राखून ठेवते आणि मूत्रपिंडांचा वाटा कमी करते. लघवी कमी झाली की पाणी कमी. म्हणजे इथे कमी पाणी हा मूळ आजार नसून बाळाला पोषण कमी पडत असल्याची खूण असते. म्हणूनच डॉक्टर पाण्याबरोबर बाळाचे वजन आणि डॉपलर, म्हणजे नाळेतल्या रक्तप्रवाहाची तपासणी, करायला सांगतात. डॉपलरचा खर्च “उगाच” नाही.

तिसरे कारण बाळाच्या मूत्रपिंडांत किंवा मूत्रमार्गात दोष असणे. हे साधारण पाचव्या महिन्यातल्या सविस्तर सोनोग्राफीत दिसू शकते. म्हणून अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमाराची ती तपासणी टाळू नये.

चौथे कारण दिवस उलटून जाणे. तारीख ओलांडली की पाणी झपाट्याने कमी होऊ शकते. “पहिलटकरणीचे दिवस वर जातातच” म्हणून घरी बसून राहू नये. तारीख उलटली की डॉक्टर सांगतील तेवढ्या वेळा तपासणीला जावे.

पाचवे कारण औषधे, आणि हे पूर्णपणे आपल्या हातातले आहे. कंबरदुखी किंवा दाढदुखीसाठी घरात आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या असतातच. त्या बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम करू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये स्पष्ट इशारा दिला की विसाव्या आठवड्यापासून पुढे अशी औषधे टाळावीत. रक्तदाबाच्या काही गोळ्याही गरोदरपणात चालत नाहीत. म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळी आणून द्यायची नाही. मात्र डॉक्टरांनी कमी मात्रेची ॲस्पिरिन लिहून दिली असेल, तर ती स्वतःहून बंद करू नये. ती वेगळ्या कारणासाठी असते.

भरपूर पाणी प्यायल्याने गर्भजल वाढते का?

आई प्यालेले पाणी सरळ पिशवीत जात नाही. ते आईच्या रक्तात जाते, वारेमार्गे त्याचा परिणाम बाळापर्यंत पोचतो, बाळाच्या मूत्रपिंडांतून लघवी होते आणि मग गर्भजल वाढते. आईच्या शरीरात पाणी कमी पडले असेल, तर भरपूर पाणी प्यायल्यावर एएफआय वाढतो, असे अभ्यासांत दिसले आहे. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा किंवा उलट्या-जुलाब झाल्यावर हे विशेष लागू पडते. म्हणून आत्याबाईंचा सल्ला अगदीच चुकीचा नाही. साधे पाणी, ताक, वरणाचे पाणी, सरबत, काहीही चालेल. नारळपाण्यात खास जादू नाही. मधुमेह असेल तर गोड सरबत आणि फळांचे रस मात्र टाळावेत.

पण वार नीट काम करत नसेल, पाणमोट गळत असेल किंवा बाळाच्या मूत्रपिंडात दोष असेल, तर कितीही पाणी प्यायले तरी मूळ कारण जात नाही. सलाइन आणि आर्जिनिनच्या पुड्या यांचेही तसेच. डॉक्टरांनी दिल्या तर घ्याव्यात, पण “पुड्या चालू आहेत ना” म्हणून पुढची सोनोग्राफी चुकवू नये.

उपासांबद्दल स्पष्टच लिहितो. हरतालिकेला आपल्याकडे पाणीसुद्धा न घेण्याची पद्धत आहे. वटपौर्णिमा ऐन उन्हाच्या तोंडी येते. शेजारच्या मैत्रिणींबरोबर करवा चौथ धरणाऱ्याही आपल्या घरांत आहेत. गरोदर स्त्रीने निर्जळी उपास करू नये. तिला हे स्वतःच्या तोंडाने म्हणायला संकोच वाटतो, म्हणून सासूबाईंनी किंवा आजींनी आधीच सांगावे, “यंदा तू पूजा कर, उपास नको.” मोठ्यांचे एवढे एक वाक्य पुष्कळ काम करते.

पाणी कमी म्हणजे सिझरच का?

नाही. दिवस पूर्ण भरायला वेळ असेल आणि बाळाची तब्येत ठीक असेल, तर डॉक्टर बहुधा आठवड्यातून एकदा किंवा दोनदा तपासणी करून वाट पाहतात. सोनोग्राफी, डॉपलर आणि एनएसटी, म्हणजे बाळाच्या ठोक्यांचा आलेख, यांवर ते लक्ष ठेवतात. दिवस भरत आले असतील, तर बाळंतपण लवकर करण्याचा निर्णय होतो. त्यातही कळा सुरू करण्याचे औषध देऊन नेहमीसारखे बाळंतपण होऊ शकते. कळा सुरू असताना बाळाच्या ठोक्यांवर जास्त बारकाईने लक्ष ठेवतात, कारण पाणी कमी असले की नाळ दाबली जाण्याचा संभव असतो. ठोके बिघडले, तर सिझर करावे लागते. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न असे: पाणी कमी असण्याचे कारण काय वाटते? बाळाची वाढ कशी आहे? डॉपलर ठीक आहे का? पुढची तपासणी केव्हा? कोणत्या गोष्टी दिसल्या तर त्या आधीच यायचे?

आणि पाणी जास्त असेल तर?

याची चर्चा घरात कमी होते. “पाणी भरपूर आहे, बरंच झालं” असे वाटते. पण पाणी फार जास्त असणे हीसुद्धा तपासण्याची गोष्ट आहे. पाणी किंचित जास्त असते तेव्हा पुष्कळदा काहीच कारण सापडत नाही आणि बाळ सुखरूप जन्मते. कारण सापडते तेव्हा बहुतेकदा आईचा मधुमेह असतो. आईची साखर वाढली की बाळाची वाढते आणि बाळ जास्त लघवी करते. कधी बाळाला गिळायला अडचण असते किंवा त्याच्या आतड्यात अडथळा असतो. एकाच वारेवर वाढणाऱ्या जुळ्यांमध्ये एकाकडे पाणी खूप आणि दुसऱ्याकडे अगदी कमी असे होऊ शकते. म्हणून अशा जुळ्यांची सोनोग्राफी सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी करतात.

साखरेच्या तपासणीत हयगय नको. सरकारी मार्गदर्शनानुसार ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि दोन तासांनी साखर पाहतात. ती १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह मानतात. ही तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करतात. त्यासाठी उपाशी असण्याची अट नाही. आणि डोहाळजेवणाला गोडधोड होणारच, पण साखर वाढलेली असेल तर ओटी भरताना पेढ्याचा आग्रह करू नये.

पाणी खूप जास्त असेल तर पोट ताणले जाते, दम लागतो, कळा मुदतीआधी सुरू होऊ शकतात आणि बाळंतपणानंतर रक्तस्राव जास्त होण्याचा धोका असतो. असे असेल तर रक्त आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच बाळंतपण ठरवावे.

पाणी जात असेल तर वाट पाहू नका

पाणमोट फुटणे म्हणजे सिनेमातल्यासारखा एकदम लोंढाच येतो, असे नाही. कित्येकदा फक्त अंतर्वस्त्र ओले होत राहते. नवव्या महिन्यात खोकताना थोडी लघवी होते, अंगावरून पांढरेही जाते, त्यामुळे “तेच असेल” असे वाटते आणि दोन-तीन दिवस निघून जातात. तेवढ्यात जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि तो आई आणि बाळ दोघांनाही घातक असतो.

शंका आली की स्वच्छ, कोरडे पॅड ठेवावे आणि वेळ लिहून ठेवावी. पाणी लघवीसारखे रोखता येत नसेल, पुन्हा पुन्हा ओले होत असेल आणि लघवीचा वास नसेल, तर ते गर्भजल असण्याची शक्यता आहे. संध्याकाळ असो की मध्यरात्र, रुग्णालयात जावे. ते पॅड सोबत न्यावे. आत काहीही घालू नये आणि संबंध ठेवू नयेत. पाण्याचा रंग हिरवट किंवा तपकिरी असेल, रक्त असेल, ताप असेल, तर एक मिनिटही घालवू नये. पाण्याबरोबर नाळ बाहेर आल्यासारखी वाटली, तर तिला आडवे करून कमरेखाली उशा ठेवाव्यात आणि १०८ ला फोन करावा. ३७ आठवड्यांच्या आधी पाणी गेले तरीही उपाय असतात. जंतुसंसर्ग टाळण्याची औषधे आणि बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शने देता येतात. पण त्यासाठी वेळेवर पोचावे लागते.

बाळाची हालचाल हा रोजचा रिपोर्ट

सोनोग्राफी पंधरा दिवसांनी होते, बाळ मात्र रोज हलते. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर रोज एका ठरावीक वेळी, जेवणानंतर, डाव्या कुशीवर शांत पडून हालचाली मोजाव्यात. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या की पुरे. बहुतेकदा त्या फार लवकर होतात. दहा झाल्या नाहीत, किंवा नेहमीपेक्षा बाळ शांत वाटले, तर त्याच दिवशी दवाखान्यात जावे. “नववा लागला की बाळ हलायचं कमी होतं” असे आपल्याकडे म्हणतात. ते खरे नाही. जागा कमी झाल्याने हालचालीची तऱ्हा बदलते, पण बाळ हलणे थांबवत नाही. रिपोर्टमधले पाणी ठीक असले तरी हालचाल कमी असेल तर जायचेच.

माहेरी जाताना

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. डोहाळजेवण झाले की लेक इंदूरहून पुण्याला, नाहीतर नाशिकहून इंदूरला येते. अशा वेळी डॉक्टर बदलतात आणि नेमके तेव्हाच मागचे रिपोर्ट दुसऱ्या गावी राहून जातात. वर पाहिले तसे, मागचा आकडा नसेल तर नव्या आकड्याचा अर्थ लागत नाही. म्हणून सगळ्या सोनोग्राफींचे कागद, साखर आणि रक्तगटाचे रिपोर्ट, मातृ-शिशु कार्ड आणि चालू औषधांची चिठ्ठी एकाच फायलीत ठेवावी. प्रत्येक कागदाचा फोटो मोबाइलवर असावा. पाणी कमी किंवा जास्त असल्याचे निदान झाले असेल, तर आधीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय रेल्वेचे तिकीट काढू नये. रीत मोठी आहेच, पण तेव्हा आईनेच लेकीकडे येऊन राहावे. आणि खर्चामुळे तपासणी अडत असेल, तर प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रियांची तपासणी मोफत होते.

शेवटी घरच्यांना एवढेच सांगणे आहे. “पाणी कमी आहे” हे ऐकल्यावर तिने काय खाल्ले, किती काम केले, याचा हिशेब मांडू नका. बहुतेक कारणांत तिचा काही दोष नसतो. तपासणीला तिच्याबरोबर कोणीतरी जावे, वर दिलेले प्रश्न विचारून उत्तरे लिहून आणावीत. आणि रात्री दोन वाजता तिने “बाळ आज हललं नाही” असे म्हटले, तर तिला झोपायला सांगू नका, गाडी काढा.

हा लेख आपल्या घरातल्या किंवा ओळखीतल्या गरोदर स्त्रीला, आणि तिच्या सासूबाईंनाही, जरूर वाचायला द्यावा. सर्व होणाऱ्या आयांना मंडळातर्फे मनःपूर्वक शुभेच्छा.